कुरणे मॅडम आणि दोन धडधाकट कार्डं

परवा आमच्या जुन्या तंत्रनिकेतनाची स्मरणिका कुणीतरी घरी आणून दिली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. त्यात 'संगणक विभागाची वाटचाल' या नावाचा एक लेख आहे. सचिवांच्या दूरदृष्टीमुळे हा विभाग कसा उभा राहिला, हे त्यात सांगितलं आहे. सचिवांच्या मेव्हण्यांनी यंत्रसामग्री पुरवली, त्यांच्यासाठी वेगळा परिच्छेद आहे. कँटीनच्या ठेकेदाराचेही आभार मानले आहेत. मी लेख वाचला, मग ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचला. हिशेबात आयुष्य गेलेला माणूस आधी स्वतःची नजरचूक तपासतो. नजरचूक नव्हती. विमल कुरणे हे नाव त्यात कुठेही नाही.

मला राग आला, आणि हे लिहितानाही तो उतरलेला नाही. कारण सुरुवातीची कितीतरी वर्षं तो विभाग म्हणजे कुरणे मॅडमच होत्या. मी तेव्हा तिथे लेखापाल होतो. माझी खोली लॅबच्या बरोबर समोर, मध्ये फक्त व्हरांडा. त्यामुळे जे लिहितो आहे ते ऐकीव नाही.

मॅडम कागलच्या. बारीक चणी, पण आवाज असा की कार्यशाळेतली लेथ चालू असली तरी पलीकडच्या मुलाला त्यांनी दिलेली शिवी स्पष्ट ऐकू जायची. शिवीसुद्धा काय, तर 'शहाण्या'. वर्गात फळ्यासमोर त्यांची भाषा पुस्तकी असे. मशीनचं झाकण उघडलं की कागलची बोली सुरू. पर्समध्ये फणी कधी दिसली नाही, स्क्रू ड्रायव्हर कायम. आणि एक सवय होती. उघड्या मशीनमध्ये हात घालण्याआधी त्या कॅबिनेटच्या लोखंडाला बोटं टेकवायच्या. अंगातली स्थिर वीज त्यात उतरते, नाहीतर नाजूक भाग जळतात, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मुलांनाही तेच करायला लावायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटे की बाई मशीनला नमस्कार करतायत.

त्यांची माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर लॅबमधल्या सर्व्हरला, म्हणजे सगळ्यांची माहिती ठेवणाऱ्या मोठ्या मशीनला, जोडलेला होता. प्रत्येक मशीनच्या पोटात तळहाताएवढी एक हिरवी पट्टी असते, तिला नेटवर्क कार्ड म्हणतात. तिच्या मागच्या भोकात तार खोचली की ते मशीन बाकीच्या मशीनशी बोलू लागतं. प्रवेशाच्या गर्दीत माझं मशीन मुकं झालं. मेव्हणेसाहेबांचा माणूस आला, उभ्या उभ्या बघून म्हणाला, कार्ड गेलंय, नवीन घ्या. मी मागणीपत्र लिहून मॅडमच्या सहीला पाठवलं. त्या मागणीपत्र हातात घेऊनच आल्या.

"कार्ड गेलं म्हणून कुणी सांगितलं?"

"त्यांच्या माणसानं."

"तुमी बघितलासा?"

"मला त्यातलं काय कळतंय?"

"मग सही कशी केलासा? बाकीच्या कागदावर न बघता करता का?"

ते मला झोंबलं, कारण मी करत नसे. त्यांनी मला खुर्ची ओढून शेजारी बसवलं. आधी कार्डामागचा बारका दिवा बघितला. दिवा विझलेला. मग मशीनला विचारलं, तुझ्या पोटात कार्ड आहे का? पडद्यावर कार्डाचं नाव आलं. मग कार्डाला स्वतःचीच हाक मारायला लावली. याला पिंग म्हणतात, पण मॅडम कायम 'हाक' म्हणायच्या आणि उत्तराला 'ओ'. कार्डानं स्वतःला ओ दिली. शेजारच्या मशीनला हाक मारली, तिकडून ओ नाही.

"कार्ड जागं हाय, मशीनला दिसतंय, पण दिवा न्हाय. म्हंजे वाट तुटली," त्या म्हणाल्या आणि तारेवर हात ठेवत भिंतीकडे सरकत गेल्या. माझ्या फायलींच्या कपाटाचा पाय तारेवर उभा होता. कपाट हलवलेलं मीच, रंगकामाच्या वेळी. तार बदलली, दिवा लागला. मागणीपत्र त्यांनी माझ्यासमोर फाडलं आणि चहा माझ्याकडून घेतला.

दिवा, ओळख, स्वतःला हाक, शेजाऱ्याला हाक, मग लांबच्याला. हा क्रम त्या कधी मोडत नसत. मधली पायरी गाळून 'कार्ड गेलं' म्हणणाऱ्यावर त्यांचा फार राग. आणि एका वेळी एकच बदल. एकदा प्रात्यक्षिक परीक्षेत त्यांनी बिघडवून ठेवलेलं मशीन एका मुलानं झटक्यात चालू केलं. त्यानं कार्ड आणि तार दोन्ही बदलली होती.

"काय बिघडलं हुतं?" मॅडमनी विचारलं.

"ते न्हाय सांगता येत मॅडम, पण चालू झालं की."

"मग तू न्हाय दुरुस्त केलंस, तुझ्या नशिबानं केलंय. मार्क कुणाच्या नावावर घालू?"

मॅडमनी जुनं कार्ड, जुनी तार परत बसवली आणि त्याला पुन्हा सुरुवात करायला लावली. संध्याकाळी पोरगं हसत बाहेर पडलं, तेव्हा त्याला कारण माहीत होतं. त्याचं नाव अमित. त्याचा उल्लेख पुढे येणार आहे.

मेव्हणेसाहेबांशी त्यांचं बिनसलं ते बिस्किटाच्या डब्यावरून. पुरवठादारानं 'मेलेली' ठरवून काढलेली कार्डं मॅडम त्या डब्यात जमा करायच्या आणि सवडीनं एकेक तपासायच्या. बहुतेक जिवंत निघायची. कुठे खाचेत नीट बसलेलं नसायचं, कुठे मशीनला त्या कार्डाची ओळख करून दिलेली नसायची. जिवंत कार्डावर त्या स्केचपेननं टिंब काढायच्या आणि लॅबमध्ये लावायच्या. खरोखर मेलेलं निघालं तर पक्कडीनं त्याचे दोन तुकडे करून टाकायच्या, पुन्हा कुणाच्या माथी मारलं जाऊ नये म्हणून. मेव्हणेसाहेब एकदा माझ्या खोलीत बसून म्हणाले, "बाई कबरी उकरत्यात आमच्या." मॅडम दारात होत्या. "जित्ती माणसं पुरल्यावर उकराय नको व्हय, मेव्हणेसाहेब?" असं म्हणून निघून गेल्या.

त्यात सर्व्हरवर त्यांनी लिनक्स घातलं. मशीन चालवणारी ही प्रणाली फुकट मिळते. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यांनी ती बसवली. मला पसंत होती. मेव्हणेसाहेबांना नव्हती, कारण तिच्यात विकण्यासारखं काही नव्हतं. कुठे काही अडलं की "त्या लिनक्समुळं" असं म्हणायची त्यांनी रीत पाडली, आणि न कळणारे लोक त्यांच्यामागून म्हणू लागले.

मॅडम इतकी वर्षं हंगामी होत्या. दरवर्षी नेमणूक, मध्ये एक खंड, पुन्हा नेमणूक. कायम करण्याचा त्यांचा ठराव शेवटी संस्थेच्या दिवाळीआधीच्या बैठकीत यायचा होता. नेमकी त्याच सुमाराला अभ्यासक्रमाच्या मान्यतेची समितीही येणार होती. आणि मध्ये आला दसरा.

खंडेनवमीला कोल्हापुरातल्या कारखान्यांत यंत्रांची पूजा होते, तशी आमच्या कार्यशाळेतही व्हायची. कार्यशाळेचे दत्तू मिस्त्री मंगळवार पेठेतले, कामाला वाघ. त्यांची पद्धत म्हणजे यंत्र उघडायचं, सुटे भाग काढून पुसायचे, परत बसवायचे, मग हळदीकुंकू. त्या वर्षी सचिव आबासाहेब म्हणाले, समिती येणार आहे, कॉम्प्युटरचीही पूजा होऊ द्या. मॅडम तेव्हा गावात नव्हत्या. त्यांच्या घराण्यानं आजोबांच्या वेळी बौद्ध धम्म स्वीकारलेला. दसऱ्याला आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, हा त्यांचा नेम होता. रजेचा अर्ज रीतसर मंजूर झालेला होता.

सुट्टी संपून लॅब उघडली तर सगळं ठप्प. लॅबमधलं एकही मशीन सर्व्हरशी बोलेना, ऑफिसमधलंही बोलेना. मेव्हणेसाहेब स्वतः आले, सर्व्हरला दोन टिचक्या मारल्या आणि निकाल दिला. दोन्ही कार्डं जळाली. लिनक्समुळं नवी बसणार नाहीत. सर्व्हरच बदलावा लागेल.

पण मला चीड आली ती स्टाफरूममधल्या कुजबुजीची. बाई पूजेला नसतात, म्हणून हे झालं. शिकलेली माणसं, कुणी विज्ञानाचे पदवीधर, कुणी इंजिनिअर, हे बोलत होती. त्याच पूजेला ड्रॉइंगचे सर हजर नव्हते, ते आजऱ्याला सासुरवाडीला गेले होते. त्यांची एकही पट्टी वाकडी झाली नाही. हे मी बोलून दाखवलं तर म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी कशाला त्यात पडता?"

मॅडम स्टेशनवरून थेट कॉलेजात आल्या, हातात प्रवासाची पिशवी. लॅबमध्ये आबासाहेब, मेव्हणेसाहेब, आम्ही चार लोक. आबासाहेब म्हणाले, "मॅडम, समिती तोंडावर आहे. तुमचं लिनक्स काय म्हणतंय?"

मॅडमनी पिशवी खाली ठेवली. सर्व्हरला दोन कार्डं होती, एकावर एक अशा दोन खाचांत. वरच्या कार्डाला लॅबची तार, खालच्याला ऑफिसची. त्यांनी मागे वाकून पाहिलं. दोन्ही दिवे लागलेले. मशीनला विचारलं; दोन्ही कार्डांची नावं आली. दोघांनी स्वतःला ओ दिली. मग लॅबला हाक मारली, उत्तर नाही. ऑफिसला हाक मारली, उत्तर नाही.

"बघा," मेव्हणेसाहेब म्हणाले. "जळालीत."

"जळालेलं कार्ड दिवा लावंल व्हय? स्वतःचं नाव सांगंल?" मॅडमचा आवाज चढला. "दोन्ही धडधाकट हायत. आणि दोन्ही एकाच दिवशी मुकी. असं आपोआप हुत न्हाय."

त्यांनी लोखंडाला बोटं टेकवली आणि झाकण काढलं. आत बघत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "आत धूळ न्हाय."

कुणाला काही कळेना.

"मी जाताना हितं धूळ हुती. आता आरशागत हाय. आणि ह्या पट्टीवर कुंकू. कुणी उघडलं हे?"

मागून दत्तू मिस्त्री पुढे आले. टोपी हातात. "मी, बाई. यंत्र उघडल्याबिगर पूजा कशी करायची? लेथचा चक काढून पुसतो तशी दोन्ही पट्ट्या काढल्या, मलमलीनं पुसल्या, लावल्या परत. कायबी ओढाताण केली न्हाय."

"कुठली वर हुती, कुठली खाली, लक्षात हाय?"

मिस्त्री डोकं खाजवू लागले. "दोन्ही येकसारखीच दिसली की ओ."

दिसायला सारखी, पण दोन कंपन्यांची. लिनक्स त्यांना खाचेवरून नाही, बनावटीवरून ओळखत होतं. मिस्त्रींनी वरचं खाली आणि खालचं वर बसवलं होतं, तारा मात्र जुन्या जागी खोचल्या होत्या. लॅबसाठीचं कार्ड ऑफिसच्या तारेत हाका मारत होतं आणि ऑफिससाठीचं लॅबच्या. मॅडमनी कार्डांना हातही लावला नाही. मागच्या दोन्ही तारा काढल्या. आधी लॅबची तार खालच्या भोकात खोचली, हाक मारली. ओ आली. मग ऑफिसची वरच्या भोकात. ओ आली. व्हरांड्यापलीकडे माझ्या मशीनवर सर्व्हरची माहिती उमटली.

"अरारा," मिस्त्री म्हणाले. "आणि ही मंडळी म्हंत हुती, बाई पूजा पाळत न्हाईत म्हणून झालं. रोज तर नमस्कार करत्यात मशीनला."

कुणी हसलं नाही. मॅडमनी आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं. तोवर ही कुजबुज त्यांच्या कानावर गेलेली नव्हती. मग झाकण बसवलं आणि स्क्रू आवळले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. दोष सापडला, दुरुस्त झाला, समितीला लॅब चालू दिसणार. बाईंचे आभार मानून ठराव मंजूर करायचा. साधा हिशेब. पण दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी त्यांना माझ्या खोलीत बोलावलं, कारण विभाग बंद राहिल्याचं कारण लिहायची नोंदवही माझ्याकडे असे. मेव्हणेसाहेबही आले.

"लिहून द्या," आबासाहेब म्हणाले, "दोन्ही कार्डं नादुरुस्त झाली होती, बदलून घेतली."

"बदलली न्हाईत ती."

"बदलू की. हे आणून देतील."

"कशाला? चांगली हायत."

"अहो, दत्तूचं नाव यायला नको. पूजेचं तर मुळीच नको, समिती काय म्हणेल?"

"मिस्त्रींचं नाव मीबी घालत न्हाय. पूजेचंबी न्हाय. 'तारांची अदलाबदल झाली होती, सरळ केली', एवढंच लिहितो."

"तारा कुणी बदलल्या, म्हणून विचारतील. कार्डाचं कुणी विचारत नाही. वस्तू आहे, बिघडते." आबासाहेब थोडे पुढे वाकले. "ठराव याच बैठकीत आहे तुमचा. म्हाईत आहे न्हवं?"

"म्हाईत हाय."

"मग?"

"पोरांना इतकी वर्षं एकच शिकवलं, साहेब. तपासल्याबिगर कुणाला मेलं म्हणायचं न्हाय. आणि ह्यांना तर मी तपासलंय. जित्त्याला मेलं म्हणून सही न्हाय व्हायची माझ्यानं."

मेव्हणेसाहेब हसले. "एवढ्याशा पट्टीसाठी?"

"तुमच्यासाठी एवढीशी," मॅडम म्हणाल्या आणि आपलं तेच तारांचं एक वाक्य लिहून, सही करून गेल्या.

मी ते तसंच नोंदीत लावलं. आबासाहेबांनी काढायला सांगितलं, मी नाही काढलं. त्यानं काही फरक पडला नाही. समिती आली, चालू लॅब बघून खूष झाली, कारणाची चौकशीसुद्धा केली नाही. मान्यता मिळाली. संस्थेची बैठक झाली, आणि मॅडमचा ठराव विषयपत्रिकेवरून गळाला. कारण तोंडी कळलं, बाईंचा स्वभाव ताठ आहे. ज्या दोन कार्डांवर त्यांनी मान्यता मिळवून दिली, ती नंतर 'जुनी झाली' म्हणून काढली गेली, आणि लिनक्सही गेलं. मी यंत्रांचा जाणकार नाही. पण चालणारी वस्तू काढून टाकायची आणि खरं बोलणाऱ्याला ताठ म्हणायचं, याला कारभार म्हणत नाहीत, एवढं मला कळतं.

उन्हाळ्यात त्यांच्याच जागेची जाहिरात निघाली. त्यांनी अर्ज केला. मुलाखतीच्या दिवशी दाराशी हजेरी घेण्याचं काम माझ्याकडे होतं. बाकावर उमेदवार बसले होते, बहुतेक मॅडमचेच विद्यार्थी, आणि त्यांच्यात मॅडम. पोरं अवघडून उभी राहिली. "बसा रे," त्या म्हणाल्या, "आज मीबी तुमच्या वर्गात." मग बसल्या बसल्या त्यांनी त्यांची उजळणी घेतली. आत काय विचारतील, कुठं गडबडायचं नाही. अमित म्हणाला, "मॅडम, मी जातो घरी. तुमच्या जागेवर कसा बसू?" मॅडम चिडल्या. "शहाण्या, तू न्हाई बसलास तर दुसरा बसंल, त्याला काय येत नसंल. आत जा."

मॅडमना सर्वांत शेवटी बोलावलं आणि लगेच बाहेर सोडलं. काय विचारलं, असं मी विचारलं. "विषयातलं काय न्हाय. सगळ्यांशी जुळवून घ्याल का, म्हणून विचारलं."

निवड अमितची झाली. पोरगं हुशार होतं, त्याला दोष नाही. पण मॅडमचं त्या दिवशीचं वागणं मी विसरलेलो नाही. निकाल कळल्यावर त्या अमितला घेऊन लॅबमध्ये गेल्या. समोरच्या खिडकीतून मला दिसत होतं. प्रत्येक मशीनपाशी थांबून त्या बोलत होत्या, कोणत्या खिडकीतून पावसाचं पाणी येतं, कोणत्या तारेचा खटका सैल आहे, कोणतं मशीन उन्हात कुरकुरतं. तो मान खाली घालून लिहून घेत होता. मध्ये त्यानं डोळे पुसले, तेव्हा त्यांनी त्याला एका मशीनमागे वाकायला लावलं.

दुपार कलल्यावर त्या बाहेर आल्या. पर्स लुनाच्या दांडीला अडकवली. फाटकापाशी दत्तू मिस्त्री उभे होते, केव्हापासून कोण जाणे. मी लॅबच्या कपाटाच्या किल्ल्या घ्यायच्या निमित्तानं तिथवर गेलो होतो.

"बाई," मिस्त्री म्हणाले, "मी आबासाहेबांच्याकडं जातो. सांगतो, पट्ट्या मी काढलेल्या, बाईंचा काय संबंध न्हाय."

"त्यांना म्हाईत न्हाय व्हय, मिस्त्री?" मॅडम म्हणाल्या. "तुमी सांगितलासा तवा तिथंच हुते की समोर. सगळं म्हाईत हाय त्यांना."

मॅडमनी पदर खोचला, पायडल मारलं. लुना धूर सोडत चालू झाली. आम्ही दोघं फाटकात बघत उभे राहिलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी कागलच्या वळणावर त्यांनी उजवा हात लांब करून रीतसर खूण केली, मागे वळून एकदा रस्ता तपासला, आणि मग वळल्या.